बुजवलेले खळगे

"इथले खळगे कुठे गेले?"

सुमतीबाईंनी प्रकाशाच्या आलेखावर बोट ठेवलं. परशुरामची छाती फुगली. याच प्रश्नासाठी तर तो टेकडीवरच्या वेधशाळेपर्यंत धापा टाकत आला होता.

"बुजवले, बाई!"

क्वेसार म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचं धगधगतं पोट. असा एक परशुरामला सापडला होता, आजवरच्या सगळ्यांहून तेजस्वी. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. शोधनिबंध आज पाचच्या आत पाठवायचा होता. तीन वर्षं त्यानं या कामात घातली होती, आता फक्त मार्गदर्शक म्हणून बाईंचा होकार हवा होता.

"वाटेतल्या वायूनं, धुळीनं खाल्लेला प्रकाश मी गणितानं परत भरला. धुळीमुळे आलेली लाली पुसली. आता बघा, कसा लखलखतोय!"

"मूळ आलेख दाखव."

तो पिशवीच्या तळाशी चुरगळला होता. बाईंनी तो मांडीवर सरळ केला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला...

"खळगे जोडीजोडीनं आहेत, रे."

"हो ना! म्हणून तर बुजवायला सोपे गेले."

बाई खो खो हसल्या. परशुरामला ते झोंबलं.

त्यांनी त्याला दंडाला धरून ओसरीवर आणलं. उतरतं ऊन अजून लख्ख होतं.

"हात धर सूर्यासमोर. बोटं मिटून."

त्यानं धरला. आता काय बालवाडी, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"काय दिसतं?"

"बोटांच्या कडा लाल."

"सूर्य लाल झाला?"

"छे! ते तर माझ्या हाताचं..."

त्यानं बाईंच्या हातातल्या आलेखाकडे वळून पाहिलं.

"बाई! ही जोडी मॅग्नेशियमची आहे, तो प्रकाश असाच जोडीनं खातो! वायूचा ढग आहे वाटेत. असा ढग दीर्घिकेभोवती असतो, पण तिथे एकही दीर्घिका दिसत नाही. कुणालाच दिसलेली नाही!"

"नाही ना?" बाईंचेही डोळे चमकले.

"आणि मी... मी याच्या चाळीसच्या चाळीस आलेखांतून हे पुसून टाकलं!"

त्याला हसावं की रडावं कळेना. घड्याळात पावणेपाच झाले होते.

"पण निबंध? आता काय पाठवू, बाई?"

बाईंनी चुरगळलेला आलेख त्याच्या तळव्यावर ठेवला.

"दिवा कुणालाही दिसतो, परशुराम. वाटेत कोण उभं होतं, ते लिही."