तिसरी प्लेट

दहावीची परीक्षा देऊन मृदुला सावळे सुट्टीत महिनाभर संशोधन शिकायला जंतूंच्या प्रयोगशाळेत गेली आणि तीन आठवडे जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटा नुसत्या धूत बसली. वर बोलणी खायची ती वेगळीच! प्लेटांमध्ये भलतेच जंतू उगवले, की विभागप्रमुख डॉ. दंडवते सगळ्यांदेखत गरजायचे, "या पोरीला साध्या प्लेटा धुता येत नाहीत!" स्वतः मात्र उघड्या प्लेटांवर वाकून तास-तास व्याख्यान झोडायचे, तेही मास्कशिवाय. मास्क म्हणे नवशिक्यांसाठी असतो.

सोमवारी तर त्यांनी कहरच केला. "शुक्रवारपर्यंत सुधारली नाहीस, तर प्रमाणपत्र विसर आणि घरी जा!"

मृदुलाचं डोकं फिरलं. शुक्रवारी तिने सगळ्यांसमोर दोन प्लेटा मांडल्या. एक लख्ख, दुसरीवर पिवळट ठिपक्यांची गर्दी.

"दोन्ही मीच धुतल्या सर, आत जंतूंचं खाद्यही सारखंच. ही स्वच्छ प्लेट झाकलेलीच होती. ही दुसरी सोमवारी तुम्ही मला झापत होतात तेवढा वेळ तुमच्यासमोर उघडी होती."

कोपऱ्यात कुणीतरी खुसखुसलं. दंडवते लालबुंद झाले. "एका प्लेटवरून निष्कर्ष काढतात का? प्रयोग पुन्हा करून बघावा लागतो!"

"हो ना सर," म्हणत मृदुलाने तिसऱ्या प्लेटचं झाकण काढलं आणि ती त्यांच्या हनुवटीखाली सरकवली. "करा सुरू."

दंडवत्यांनी तोंड उघडलं, प्लेटकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि मुकाट्याने मास्कच्या खोक्याकडे हात नेला.