राजेसाहेबांचं विमान आणि हौसाबाईची सर्व्हिस मोटार

"उद्यापासून संस्थानातल्या सगळ्या सर्व्हिस मोटारी बंद!"

चिंचघाटाच्या उन्हाळी बंगल्यात कनकगडच्या राजेसाहेबांनी भर दरबारात हुकूम सोडला.

कारण काय? तर राजेसाहेबांनी विमान घेतलं होतं. इवलंसं, कापडी पंखांचं, वैमानिकाची एक आणि राजाची एक अशा दोन खुर्च्यांचं. आदल्या दिवशी ते वर जाऊन आपलं राज्य पाहून आले, तर मोटारींच्या धुळीमुळे राज्य नीट दिसेचना! रस्ते दुरुस्त करावेत असं कुणाला सुचलं नाही. मोटारीच बंद करणं सोपं होतं.

"पण सरकार, रयतेनं जायचं-यायचं कसं?" एका म्हाताऱ्या मानकऱ्याने भीतभीत विचारलं.

"रयतेनेही विमानं घ्यावीत!" दिवाणसाहेब म्हणाले. त्यांना अक्कल नव्हती असं नाही. ती वापरून झिजू नये म्हणून ते जपत असत.

त्यांनी नव्या युगाची तयारीही जोरात केली होती. विमान ठेवायला तबेला हवा म्हणून घोडे विकले. विमानाला पैसे हवेत म्हणून राजवाड्यातल्या मोटारी विकल्या. पालखीचे भोई तर केव्हाच घरी पाठवले. आता जमिनीवरून जातंय कोण!

"आमी जातो!" दारातून आवाज आला.

ती हौसाबाई होती. नवऱ्याची नजर गेली तेव्हापासून चिंचघाट ते कनकगड ही उतारूंची सर्व्हिस मोटार तीच चालवायची. घाटातली आजारी माणसं, बाजारच्या बायका, माहेरवाशिणी, सगळ्यांचा भार त्या एका गाडीवर. गाडी थांबली तर तिच्या घरची चूल थांबणार होती, आणि घाटातलं आजारी माणूस घाटातच राहणार होतं. ती सरळ पुढे आली.

"सरकार, तुमच्या इमानात एक मानूस बसतंय. माज्या मोटारीत इस बसत्यात, कोंबड्या येगळ्या!"

राजेसाहेब चिडले. "आमचं विमान वीस मिनिटांत कनकगडला जातं! तुझ्या खटाऱ्याला अर्धा दिवस लागतो! उद्या सकाळी दोघंही इथूनच निघू. राजवाड्याच्या देवडीत तुझी मोटार आमच्या आधी पोहोचली, तर सगळ्या मोटारी चालू. नाही पोहोचली, तर तुझी मोटार भंगारात!"

दरबार खो खो हसला. दिवाणसाहेब सर्वांत मोठ्याने हसले.

हौसाबाईने फक्त एवढंच विचारलं, "इमान उतरनार कुटं, सरकार?"

"बोडक्या माळावर. राजवाड्यावरून काही उडू नये, पतंगसुद्धा नाही, असा आमचाच कायदा आहे!"

"म्हंजी राजवाड्यापासून तीन कोस. बरं, बरं," म्हणत ती निघून गेली.

सकाळी विमान भुर्रकन उडालं. दुसरं वाहनच उरलं नव्हतं, म्हणून दिवाणसाहेब गुपचूप मोटारीत येऊन बसले. हौसाबाई मात्र निवांत होती. एका म्हातारीचं गाठोडं घरी राहिलं म्हणून ती थांबली. मग एकाची शेळी गाडीत चढेना म्हणून थांबली. उतारू रडकुंडीला आले.

"अगं हौसे, दामट की गाडी! राजा पोचला आसंल!"

"पोचू दे. माळावर ऊन लई झ्याक पडतं."

आणि खरंच, राजेसाहेब वीस मिनिटांत माळावर उतरले होते. उतरले आणि इकडे-तिकडे पाहू लागले. राजवाडा तीन कोसांवर, आणि न्यायला ना मोटार, ना घोडा, ना पालखी! शेजारून एक शेणखताची बैलगाडी गेली, पण तीत बसायला राजेसाहेबांचा मान आडवा आला. भरजरी मोजडीने तीन कोस चालायला पाय आडवे आले.

"पेस्तनजी, जा, कुणाला तरी बोलवा!" ते वैमानिकावर ओरडले.

"कसा जाऊ, साहेब? हे बकरे लोक पंख खाते ने!" पेस्तनजी काठी घेऊन विमानाभोवती धावत होता.

दुपार झाली. राजेसाहेबांचा मुकुट तव्यासारखा तापला. तेवढ्यात दूर धूळ दिसली. जन्मात पहिल्यांदा त्यांना धूळ गोड वाटली. ते रस्त्यात उभे राहून दोन्ही हात हलवू लागले.

मोटार थांबली. "कुटं जायाचं?" हौसाबाईने विचारलं, जणू काही ठाऊकच नाही.

"राजवाड्यात! आणि आम्ही पुढच्या सीटवर बसणार!"

"पुडं पोटुशी बाई बसलीया, सरकार. मागं कोंबड्यांच्या पाटीपाशी जागा हाय. सरका गं बायांनो, राजाला जागा द्या!"

मोटार देवडीत शिरली. राजेसाहेब अंगावरची पिसं झटकत उतरले आणि गरजले, "आम्ही दोघं एकदमच आलो! तू काही आधी आली नाहीस! शर्त हरलीस!"

"एकदम कसं? मी पुडं बसलेली, तुमी मागं. माजं चाक आदी आत आलं."

"वाद घालू नकोस! पहिले आम्हीच आलो!"

"तसं म्हना, सरकार! मी म्होरं आले आसंन, तर मोटार जितली. तुमी म्होरं आला आसाल, तर तुमाला आनलं कुनी? इमान तर माळावर शेळ्या चारतंय!"

राजेसाहेबांनी एकदा मोटारीकडे आणि एकदा आपल्या अंगावरच्या पिसांकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलू लागलं, आणि ते असे हसले की मुकुटात अडकलेलं पीस उडून दिवाणसाहेबांच्या नाकावर बसलं.

"मोटारी चालू!" ते म्हणाले. "घाटाच्या रस्त्यावर नवी खडी! हौसाबाईला नवी कोरी मोटार! विमान तातडीच्या कामाला राहील, पण माळावरून पुढे आम्हाला न्यायचा मान हौसाबाईच्या मोटारीचा. आणि दिवाणजी, पेस्तनजी उपाशी असेल. त्याचा डबा घेऊन माळावर जा. चालत!"

मग ते हौसाबाईकडे वळले. "मात्र पुढच्या खेपेला पुढची सीट आमची!"

"मिळंल की, सरकार," ती म्हणाली. "फकस्त आदी यिऊन बसावं लागंल!"