हैबतीची उडी

“पण उडी नक्की किती उंच हवी, तेवढं तरी सांगा!”

केतकी इंगवले हे तिसऱ्यांदा विचारत होती. पहिल्यांदा विचारलं तेव्हा आवाजात अदब होती, दुसऱ्यांदा विनवणी. आता नुसती चिडचिड उरली होती.

धोंडीराम चितारी जमिनीवर घोंगडी टाकून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. वय ब्याऐंशी. अख्खं कोल्हापूर त्यांना वस्ताद म्हणायचं, आणि तेही त्यांनी जन्मात कधी लंगोट कसला नसताना. त्यांचा आखाडा कागदाचा.

“मला काय ठावं?” वस्ताद म्हणाले. “मी कुठं मोजलीया?”

चौदा वर्षं, दर गुरुवारी, एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर त्यांचा हैबती हरकारा धावला होता. एक पान, सहा चौकटी. खांद्याला खलित्याची थैली, मागे घोडेस्वार, पुढे दऱ्या, ओढे आणि पडके बुरूज. काहीही होवो, खलिता पोहोचलाच पाहिजे. ज्या पोरांनी शाळेचं पुस्तक कधी आपणहून उघडलं नाही, ती या एका पानासाठी वाचनालयाच्या पायरीवर भांडायची.

केतकी त्यातलीच एक. आता ती पुण्यात गेम बनवायची. चार माणसं घेऊन दोन वर्षं खपली होती आणि हैबतीला तिने पडद्यावर उभं केलं होतं. हैबती डावीकडून उजवीकडे पळत सुटतो. दरी आली की बटण दाबायचं, म्हणजे तो उडी घेतो. चुकली तर खाली, आणि पुन्हा पहिल्यापासून. काम इतकं देखणं झालं होतं की बघणारे तोंडात बोट घालत. एका स्पर्धेत बक्षीसही मिळालं. तेव्हापासून केतकीचं नाक जरा वर असायचं, हे तिच्या आईनेही नाकारलं नसतं.

अडलं होतं ते एका सहीपाशी.

वस्तादांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, “बनव की. पर झाल्यावर मला दाखवायचं. त्यो हैबती हाय असं मला वाटलं, तर सही करीन. न्हाईतर त्याला दुसरं कायबी नाव दे.”

केतकीने तेव्हा हसून मान डोलावली होती. म्हाताऱ्या माणसाची हौस, दुसरं काय, असं तिला वाटलं.

त्या म्हाताऱ्या माणसाने गेम दोनदा पाहिला आणि दोनदा एकच उत्तर दिलं. “लई देखणा हाय. पर ह्यो हैबती न्हवं.”

गेम सोमवारी बाहेर पडायचा होता. नाव सगळीकडे जाहीर होऊन बसलेलं. सही नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर दोन वर्षांच्या कामाचं काय उरतं? कुणीतरी एक मुंडासंवाला इकडून तिकडे पळतोय, एवढंच. म्हणून शनिवारी सकाळी केतकी लॅपटॉप आणि परवानगीचा कागद घेऊन तिसऱ्यांदा कोल्हापुरात आली होती.

“यात खोट कुठे आहे, तेवढं दाखवा,” ती म्हणाली. तिने टेबलावरचा लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “शंभर जणांना खेळायला दिला होता. आधी लोक पहिल्याच दरीत धडाधड पडायचे आणि सोडून द्यायचे. मग मी उपाय केला. हे बघा.”

पडद्यावर हैबती दरीच्या काठाशी आला. लगेच दृश्य मागे सरकलं आणि पलीकडचा काठ दिसू लागला. हैबतीच्या पायापासून त्या काठापर्यंत चमकत्या ठिपक्यांची एक कमान उमटली. उडी कुठून कशी जाणार आणि कुठे टेकणार, सगळं आधीच आखलेलं.

“आता एकही जण पडत नाही.”

“एकबी न्हाई?”

“एकही नाही!” केतकी अभिमानाने म्हणाली.

“अरारा…” वस्ताद म्हणाले, आणि पुढची शेंग फोडली.

केतकीचा संयम सुटला.

“आणि उडी तर मी तुमच्याच चित्रावरून घेतली आहे! भूतघळीची उडी. हैबती हवेत आहे, दोन्ही हात पसरलेले, थैली मागे उडतेय, खाली काळीकुट्ट घळ. तिसरीत असताना ते चित्र मी जसंच्या तसं वहीत उतरवलं होतं. वही अजून आहे माझ्याकडे.”

तिने मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो उघडून त्यांच्यासमोर धरला. वस्तादांनी हात झटकले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ पाहिलं.

“झ्याक हाय,” ते म्हणाले. “कुणी काढलंय?”

“तुम्ही! मी फक्त उतरवलं.”

“मी? कवा?”

“वस्ताद, माझी थट्टा करू नका.”

“थट्टा कशाला करीन? मला दाखीव की काढलेलं.” त्यांनी आत बघून हाक मारली. “शालन, माळ्यावरचं गठ्ठं काढ गं. ह्या पोरीला हैबतीची उडी हुडकायचीय.”

त्यांच्या सुनेने, शालनवहिनींनी, बाइंड केलेले सात जाडजूड गठ्ठे आणून टेबलावर आदळले. धुळीने केतकीला तीन शिंका आल्या.

भूतघळ चौथ्या गठ्ठ्यात होती, हे तिला तोंडपाठ होतं. पान लगेच सापडलं.

तिसऱ्या चौकटीत हैबती घळीच्या काठावर उभा. पाठ आपल्याकडे. समोर धुकं. पलीकडचा काठ त्या धुक्यात कुठेच दिसत नव्हता.

चौथ्या चौकटीत हैबती गुडघ्यावर बसलेला, एक हात थैलीवर. आजूबाजूला धूळ उडालेली. घळ मागे पडली होती.

दोन चौकटींच्या मध्ये बोटभर रुंदीची पांढरी पट्टी.

केतकीने पान उलटलं. पुन्हा मागे आली. पान चिकटलं असेल म्हणून नखाने कड सोडवून पाहिली. एकच पान होतं.

“दुसऱ्या कुठल्या तरी घळीची असेल,” ती पुटपुटली.

मग तिने पहिल्या गठ्ठ्यापासून सुरुवात केली.

हैबती नदीत पोहला. कड्यावर चढला. दोराला लोंबकळला. गवताच्या गंजीत झोपला. एका गुरुवारी तर त्याला पडसं झालं आणि शिंकेमुळे तो पकडला गेला. दऱ्या तर पानोपानी. कधी काठाची चौकट पानाच्या अगदी शेवटी यायची आणि पोरं आठ दिवस ताटकळायची. पुढच्या गुरुवारी पहिल्या चौकटीत हैबती पलीकडे धूळ झटकताना दिसायचा.

शालनवहिनींनी दोनदा जेवायला बोलावलं. केतकीने दोनदा “आलेच” म्हटलं आणि ती उठली नाही. वस्ताद जेवून आले, भिंतीला टेकून एक डुलकीही काढून झाली.

दुपारी तीनच्या सुमारास सातव्या गठ्ठ्याचं शेवटचं पान संपलं. सातशेच्या वर पानं. हैबती हवेत म्हणून कुठे दिसला नाही.

“वस्ताद…”

“हं.”

“तुम्ही उडी काढलीच नाहीत. एकदाही नाही.”

“न्हाई.”

“का?”

वस्ताद जरा ओशाळले. इकडे तिकडे पाहून आवाज बारीक करत म्हणाले, “मला जमायचीच न्हाई गं. हवेतला माणूस काढाय गेलो की त्याचं पाय बेडकावानी व्हायचं. चार-पाच कागद फाडलं आणि सोडून दिलं.”

केतकीला हसूही येईना आणि रडूही येईना.

“मग मी वहीत उतरवलं ते काय होतं?”

वस्तादांनी घोंगडीवरची टरफलं गोळा केली.

“मी ते बघितलं होतं, वस्ताद. हात पसरलेले, थैली उडतेय… मला अजून दिसतंय.”

“आता तरी जेवतीस का?” वस्ताद म्हणाले.

केतकी जेवली नाही. तिने भूतघळीचं पान पुन्हा उघडून दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. तिला खरोखर लाज वाटत होती. त्या शंभर जणांची आठवण झाली. एकही पडत नाही, हे तिने किती ठिकाणी छाती फुगवून सांगितलं होतं. त्यांच्यापैकी एकाने तरी घरी जाऊन वहीत काही काढलं असेल का?

थोड्या वेळाने तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. वीसेक मिनिटं तिची बोटं चालत राहिली. ठिपक्यांची कमान गेली. दृश्य मागे सरकायचं थांबलं. पलीकडच्या काठावर तिने धुकं टाकलं.

“असं सोडलं तर लोक पडतील,” ती स्वतःशीच म्हणाली.

वस्तादांनी शेंगांची दुसरी टोपली ओढली.

“मी खेळून दाखवते. तुम्ही वर खुर्चीत बसा, खालून पडदा दिसणार नाही.”

“मला हितनं दिसतंय की.”

तिथून त्यांना टेबलाचे पाय आणि लॅपटॉपची पाठ, याखेरीज काय दिसत असेल देव जाणे. पण वाद घालण्याचं त्राण केतकीत नव्हतं. तिने कंट्रोलर हातात घेतला.

हैबती धावत भूतघळीपाशी आला. तिने बटण दाबलं. हैबती उडाला आणि सरळ घळीत गेला.

केतकी थक्क झाली. या घळीतला दगड न दगड तिने स्वतः बसवला होता. पण ठिपके आल्यापासून ती त्यांच्याकडेच बघून उडत आली होती. ठिपके गेले आणि तिला आपल्याच घळीची रुंदी ठाऊक नसल्याचं कळलं.

दुसऱ्यांदा घाई झाली. हैबती पुन्हा घळीत.

तिसऱ्यांदा उशीर झाला. काठावरचा दगडच निसटला.

“थांबा, थांबा…” केतकी म्हणाली. कुणीही काही बोललं नव्हतं.

ती खुर्चीच्या टोकाशी सरकली. हैबती पुन्हा काठावर आला. तिचा अंगठा बटणावर होता, पण तिने तो दाबला नाही. समोर धुकं. धुक्यापलीकडे कुठेतरी दगड होता, तिनेच ठेवलेला, आणि तो किती लांब आहे हे तिला सांगता आलं नसतं. ती आणखी पुढे झुकली.

इकडे शेंगा फोडायचा आवाज थांबला होता. शालनवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. वस्तादांनी त्यांना खुणेने पेन मागितलं.

केतकीने बटण दाबलं.

धुक्यातून पलीकडचा काठ वर आला. हैबतीची बोटं दगडाला लागली. क्षणभर तो लोंबकळला… आणि सुटला.

“अर्रर्र! एवढ्याशाने!”

तिने डोळे पडद्यावरून काढलेच नाहीत. हैबती परत धावत आला आणि काठावर उभा राहिला. या वेळी जरा आधी? की जरा उशिरा? तिने कंट्रोलर घट्ट धरला.

“अहो ताई,” शालनवहिनी म्हणाल्या, “मामंजींनी सही केली बघा.”

केतकीला आधी ते कळलंच नाही. मग तिने चटकन मान वळवली. सकाळी तिने त्यांच्यापुढे ठेवलेला परवानगीचा कागद घोंगडीवर होता. त्याच्या तळाशी थरथरत्या अक्षरांत पूर्ण नाव: धोंडीराम कृष्णा चितारी. शाई अजून ओली होती.

“अहो वस्ताद, सही काय करता!” ती जवळजवळ ओरडलीच. “चार वेळा पडला तो! अजून एकदाही पलीकडे गेला नाही. तुम्ही तर पडद्याकडे बघितलंसुद्धा नाहीत… आणि ही उडी मी किती उंच ठेवू, ते अजून सांगितलंच नाहीत!”

वस्ताद घोंगडीवर बसल्या बसल्या टेबलाखाली बघत होते.

“आधी तुझ्या टाचा भुईला टेकीव,” ते म्हणाले. “मंग सांगतो.”