बैठक मोठी झाली तेव्हा

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक तांबट राहायचा. त्याच्या हातचे हंडे आणि कळशा आसपासच्या सगळ्या गावांत जायच्या. त्याच्या शेजारी एक शिंपी राहायचा. दोघांच्या घरांमध्ये चिंचोळं अंगण होतं. जागा तांबटाची, पण वावर दोघांचा.

शिंप्याच्या घराला एकच खिडकी होती आणि ती या अंगणात उघडायची. तिच्यापाशी बसून तो दिवसभर शिवायचा. दिवेलागणीला सुई दोऱ्याच्या गुंडीला टोचून ठेवायचा आणि अंगण ओलांडून तांबटाच्या बैठकीत येऊन बसायचा. बायको गेल्यापासून त्याला बोलायला हेच एक घर उरलं होतं.

एकदा तांबटाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले. बैठक एवढीशी. माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली, तरी काहीजण दारातच ताटकळले. मुलाचे काका हसत म्हणाले, "भांडी मोठी घडवता, घर मात्र बेतानंच बांधलंत!"

सगळे हसले. तांबटही हसला. सोयरीक जुळली, पण ते बोलणं त्याच्या मनातून जाईना.

"लग्नाआधी बैठक वाढवायची," तो बायकोला म्हणाला. "अंगण आत घेऊ."

"अहो, पण मग भावजींच्या खिडकीचं काय?"

"विचारतो की त्याला."

तांबटानं आधी गवंडी ठरवला, विटा सांगितल्या आणि मग तो शिंप्याकडे गेला. शिंपी सुईत दोरा ओवत होता.

"अरे, बैठक वाढवतोय. उद्या विटा येतील. तुझी काही हरकत नाही ना?"

शिंप्यानं खिडकीकडे पाहिलं. मग पुन्हा सुईकडे पाहिलं.

"पोरीचं लग्न आहे," तो म्हणाला. "माझी कसली हरकत? वाढव."

तांबटाचा जीव भांड्यात पडला. तो लगेच उठला. आणखी थोडा वेळ बसला असता तर शिंपी कदाचित पुढं काही बोलला असता, पण तेवढं थांबायला तो तयार नव्हता.

पाया आखायच्या दिवशी गवंडी म्हणाला, "मालक, भिंत इथं आली तर शिंपीदादांची खिडकी बुजते. थोडी अलीकडे घेऊ या का? त्यांना उजेड राहील. तुमची बैठक आताच्यापेक्षा मोठीच होईल, फक्त मनात आहे तेवढी नाही."

तांबट आखणीची दोरी हातात धरून उभा राहिला. 'घे अलीकडे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तेवढ्यात त्याला पाहुण्यांचं ते हसणं आठवलं.

"त्यानं हो म्हटलंय," तो म्हणाला. "पूर्ण घे."

लग्न थाटात झालं. मुलाच्या काकांनी ऐसपैस मांडी घालून बैठकीची वाहवा केली. पाहुण्यांना पाणी द्यायला शिंपी स्वतः उभा होता.

पुढं शिंप्याच्या घरात भरदिवसा दिवा लागू लागला. त्या मिणमिणत्या उजेडात टाके वाकडे पडत, बोटांना सुई टोचे. मग तो रस्त्याकडच्या ओट्यावर येऊन बसू लागला. तिथं नव्या कपड्यांवर धूळ बसायची, गिऱ्हाईक कुरकुरायचं. अंगणातली वाट बंद झाल्यानं तांबटाकडे यायचं तर आता सगळ्या आळीला वळसा पडे. त्याचं येणं कमी झालं, मग थांबलंच.

तांबटाला हे सगळं दिसत होतं. आज बोलू, उद्या बोलू, असं तो स्वतःला सांगत राहिला. बोलायचं तर भिंतीबद्दल बोलावं लागणार होतं.

एके सकाळी शिंप्याच्या दारात बैलगाडी उभी राहिली.

"बहिणीकडे चाललोय," शिंपी म्हणाला. "तिच्या ओसरीवर ऊन छान येतं."

"परत कधी येशील?"

"बघू," म्हणत तो गाडीत चढला.

मुलगी सासरी गेली होती. एवढ्या मोठ्या बैठकीत तांबट एकटाच बसायचा. कोपरे बदलून पाहायचा, पण कुठंच मन रमेना. शेवटी त्यानं एक दिवस गवंड्याला बोलावून भिंत पाडायला लावली, अंगण पुन्हा मोकळं केलं आणि तसाच शिंप्याच्या बहिणीचं गाव गाठलं.

शिंपी ओसरीवर बसला होता. पावलांच्या आवाजावरून त्यानं मित्राला ओळखलं आणि हात धरून शेजारी बसवलं.

"भिंत पाडली मी," तांबट म्हणाला. "चल घरी."

"उगीच पाडलीस रे. डोळे अधू झाले माझे. आता उजेड असला काय, नसला काय. इथं भाची सुई ओवून देते, मी गोधड्यांचे जाड टाके घालतो. चाललंय."

तांबट म्हणाला, "तेव्हाच का नाही बोललास? एका शब्दानं थांबलो असतो मी."

शिंप्यानं गोधडीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "विटा सांगून आला होतास तू. विचारायला आला असतास, तर बोललो असतो."

ऊन उतरेपर्यंत तांबट मित्राशेजारी बसला आणि मग एकटाच घरी परतला.

तात्पर्य: जो माणूस आपल्याला कधीच नाही म्हणत नाही, त्याच्यापाशी काही मागण्याआधी त्याच्या वतीनं आपणच एकदा 'नाही' म्हणून पाहावं.