थांबलेली टिक्-टिक्

सागाच्या जंगलाच्या कडेला सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. नाव सातभाई, पण ते होते नऊ. हे मातकट पक्षी तुम्ही पाहिले असतील. दिवसभर जमिनीवर टुणटुणत ते वाळलेली पाने उलटतात आणि खालचे किडे खातात. मान खाली असली की मागून कोण येते ते दिसत नाही. म्हणून थव्याचा एक नियम होता. एकाने पळसाच्या फांदीवर उपाशी बसून पहारा करायचा आणि हळू आवाजात 'टिक्, टिक्' करत राहायचे. आवाज चालू, तोवर सगळे ठीक. आवाज थांबला, की मागेपुढे न पाहता सगळ्यांनी बोरीच्या जाळीत शिरायचे.

सर्वांत जास्त पहारा थोरली करत असे. ती फारशी बोलत नसे. एके सकाळी थव्यातला बडबड्या तिला म्हणाला, "ताई, तुझी टिक्-टिक् ऐकून कान किटले बघ! शत्रू दिसला तर ओरडायचं, झालं. उगाच घसा कशाला कोरडा करतेस?" सगळे खदखदून हसले.

"आणि पहारेकऱ्याला शत्रू दिसलाच नाही तर?" थोरलीने विचारले.

"मला दिसेल की! आज मीच बसतो. तू जरा पोटभर खा, किती वाळलीस!"

थोरली खाली उतरली, पण तिला घास जाईना. बडबड्या टिक्-टिक् करतच नव्हता, सगळीकडे नुसती शांतता. शेजारी एक पिल्लू पाने उलटत होते. चारच दिवसांपूर्वी ते घरट्यातून उतरले होते आणि त्याला अजून नीट उडता येत नव्हते. दर दोन पानांनंतर थोरली वर बघे. तिसऱ्यांदा तिने पाहिले, तर फांदी रिकामी! बडबड्या खोडामागे वाळवी टिपायला गेला होता. वारा मुळीच नव्हता, तरी गवत एकाच जागी हलले. त्यात दोन पिवळे डोळे होते. रानमांजर!

ओरडावे, तर सगळे वाटेल तिकडे उडणार आणि पिल्लू जागीच थिजणार. टिक्-टिक् थांबल्यावर काय करायचे, हे मात्र पिल्लालाही ठाऊक होते. पण जी सुरूच नाही, ती थांबणार कशी?

थोरली फांदीवर जाऊन बसली. "टिक्." मांजराने एक पंजा पुढे टाकला. "टिक्." खालून कोणीतरी पुटपुटले, "झाली हिची सुरुवात!" "टिक्." मांजराचे पोट जमिनीला टेकले, शेपटीचे टोक थरथरू लागले. थोरलीचा आवाज जराही कापला नाही. "टिक्."

आणि तिने चोच मिटली.

खाली कोणीही विचार केला नाही. पाय आपोआप जाळीकडे धावले, पिल्लाचेसुद्धा. मांजराने झेप घेतली, पण त्याच्या पंजात वाळलेली पानेच आली. मग ते कितीतरी वेळ जाळीभोवती फिरत राहिले. काट्यांतून एकदा त्याचा पंजा आत आला, अगदी पिल्लाच्या पिसांपर्यंत. शेवटी काटा बोचल्यावर मांजर फिसकारत निघून गेले.

बडबड्या मान खाली घालून आला. त्याच्या चोचीला अजून वाळवी चिकटलेली होती. "ताई, मी फक्त एकदाच..."

"उद्या पहिला पहारा तुझाच," थोरली एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बडबड्याने सकाळपासून टिक्-टिक् केली. घसा कोरडा पडला म्हणून तो एकदाच, क्षणभर थांबला. त्याने खाली पाहिले, तर आठही जण जाळीत होते. या वेळी कोणी हसले नाही.

तात्पर्य : कंटाळवाणे वाटणारे काम जो रोज नेमाने करतो, तोच भीतीच्या क्षणी न ओरडता सर्वांना वाट दाखवू शकतो.