चौघांचा भाकरतुकडा

एकदा काय झालं, एका राजाची झोप उडाली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगली सात वर्षं. राजाचं नाव चोखटराय. जसं नाव तसाच होता बरं का. अंगरख्यावर डाग चालायचा नाही, अंगणात वाळकं पान चालायचं नाही, आणि कुत्रं तर डोळ्यांपुढे चालायचं नाही.

कुत्र्यांनी काय घोडं मारलं होतं त्याचं? सांगते. तुम्हाला भाकरतुकडा माहीत आहे ना? कुणी गावाहून आलं, की त्याने बाहेरच थांबायचं. घरची बाई भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकते, मग आत पाऊल टाकायचं. वाटेतली दमणूक, कुणाची लागलेली नजर, सगळं त्या तुकड्यात उतरतं. आपण दारात ओवाळतो, त्या राज्यात गावाच्या वेशीत ओवाळायचे. आणि तो टाकलेला तुकडा खायचा कुत्र्याने. कुत्र्याच्या पोटात सगळं जिरतं. माणसाच्या पोटात नाही जिरत, म्हणून तर माणसं अशी.

तर सात वर्षांपूर्वी राजाचा राज्याभिषेक झाला. नदीवरची पूजा आटोपून राजा वेशीत आला. राणीने तुकडा ओवाळून टाकला, आणि एक कुत्रं आनंदाने धावत सुटलं. तुकडा राहिला बाजूला, चिखलाचे पाय थेट राजाच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर. लोक हसले. झालं. राजाने तिथल्या तिथे हुकूम सोडला, की राज्यात कुत्रं दिसता कामा नये. शिपायांनी होती नव्हती तेवढी कुत्री हाकलून दिली. राजाचा तुकडा तसाच धुळीत पडून राहिला.

रीत मात्र कुणी सोडली नाही. तुकडे पडत गेले आणि खाणारं कुणी उरलं नाही. कावळेसुद्धा शिवेनात. वेशीबाहेर वाळक्या तुकड्यांची टेकडी झाली. ज्याची त्याची दमणूक तिथेच पडून राहिली आणि हळूहळू उठून परत ज्याच्या त्याच्या मानेवर येऊन बसली. कुंभाराचा खांदा धरला तो धरलाच. पाणक्याची कंबर वाकली ती वाकलीच. आणि राजाची झोप, ती तर त्या टेकडीच्या तळाशी. लोकांना कळत नव्हतं असं नाही. पण राजाला सांगणार कोण?

शेवटी वैद्यबुवा म्हणाले, "महाराज, हवापालट करा. समुद्रावर जा महिनाभर."

मग राजा निघाला हवापालटाला. राज्य बघायला राणी मागे राहिली. बरोबर गेली राजाची एकुलती एक लेक, बकुळा. वय वर्षं नऊ, आणि नाकाचा शेंडा कायम वर.

समुद्रकाठ राज्याच्या हद्दीबाहेर होता. तिथे राजा दिवसभर लाटा मोजत बसायचा. झोप काही येईना. बकुळा मात्र वाळूत हुंदडायची. तिथे तिला तीन कुत्री भेटली. एक म्हातारी पिवळी कुत्री, तिचं नाव तिने ठेवलं हळदी. एक काळा, तीन पायांचा, तो लंगडोबा. आणि एक पिल्लू, मुठीएवढं, शिंपल्यासारखं पांढरं, तो शिंपल्या. हळदी आणि लंगडोबा मिळेल ते खायचे. शिंपल्याला मात्र भाकरी दाखवली की तो तोंड फिरवायचा. त्याला मासळीच लागायची. असतात एकेकाचे लाड.

शेजारी एक कोळीण सुकट वाळत घालायची. बकुळाने तिला विचारलं, "ही कुणाची गं, मावशी?"

कोळीण म्हणाली, "कुनाची नाय गो बाय. हवा खायला मोठी मानसं येतात, चार दिस लाड करतात, नावा ठेवतात, नि पालखीत बसून जातात. मंग ही वाटेकडं बघत बसतात. ती म्हातारी तर तीन वर्सां बघते."

बकुळाने हळदीकडे पाहिलं. हळदी खरंच वाटेकडे बघत होती. बकुळा तिच्याजवळ जाऊन बसली. ती म्हणाली, "मी तशी जाणार नाही." एवढंच म्हणाली, पण तो शब्द खिळा ठोकल्यासारखा बसला.

महिना सरला. पालख्या सजल्या. बकुळा तिन्ही कुत्र्यांना घेऊन उभी.

"आबासाहेब, ही आपल्याबरोबर येणार."

"कुत्रं माझ्या राज्यात येणार नाही."

"मग मीही येणार नाही."

राजा चिडला. म्हणाला, "पालखीत कुत्र्यांना जागा नाही. आणायचीच तर पायी आण." त्याला वाटलं, पोर चार पावलं चालेल आणि रडत मागे येईल. बापांना असंच वाटतं. पालख्या गेल्या. बकुळाने पायातल्या जरीच्या सपाता काढून कोळणीच्या सुपात ठेवल्या आणि चालायला लागली.

चालता चालता आली खाडी. नावाडी म्हणाला, "ताईसाहेब, तुम्ही बसा. कुत्री नाही घ्यायची, महाराजांचा हुकूम आहे."

बकुळा म्हणाली, "हुकूम नावेला आहे. चिखलाला नाही ना?" आणि ती काठावर बसून राहिली. ओहोटी लागली, पाणी उतरलं, नुसता काळा चिखल उरला. पाय टाकला की माणूस कमरेपर्यंत आत. पण हळदीचा जन्म गेला होता तिथे खेकडे हुडकण्यात. कुठे घट्ट, कुठे दलदल, तिला नाकाने कळायचं. हळदी पुढे, मागे लंगडोबा, त्याच्या मागे बकुळा, आणि बकुळाच्या ओच्यात शिंपल्या. चौघं पार झाली. नावाडी तोंड उघडं टाकून बघत राहिला.

मग आला घाट. घाटात वाट अडवून बसला होता बिबट्या. बिबट्याला कुत्र्याचं मांस फार आवडतं, माहीत आहे ना?

बिबट्या म्हणाला, "पोरी, तीन आहेत. एक मला दे आणि पुढे जा. ते लंगडं दे, नाहीतरी काय कामाचं?"

"एकही मिळणार नाही. ही माझी आहेत."

"तुझी कशावरून? ना गळ्यात पट्टा, ना घंटा. बेवारशी आहेत ती."

बकुळाने अंगावरचा रेशमी शेला काढला. त्याचा जरीचा काठ दातांनी फाडून तीन तुकडे केले आणि तिघांच्या गळ्यात बांधले. मग वाटेत मधोमध मांडी घालून बसली. "आता माझी झाली. खायचं तर आधी मला खा."

बिबट्याने विचार केला. राजाची लेक खाल्ली, तर उद्या सगळं रान पेटवतील. "नको गं बाई," तो म्हणाला, "तुझ्यापेक्षा रानडुक्कर बरं," आणि शेपूट घालून निघून गेला. बिबट्यालाही कळलं. कुणाला नाही कळलं, तर ते बापाला.

इकडे राजा वेशीत पोचला. राणी तुकडा घेऊन उभीच होती. तिने पालखीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "दोघं गेलात, एकटे आलात. लेक कुठे आहे?"

राजा म्हणाला, "येईल."

राणीने तुकडा ओवाळला, पण राजाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बकुळा आली. पाय फुटलेले, केसांत कुसळं, शेला फाटका. राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने थाळी उचलली. बकुळा एक पाऊल मागे सरली.

"आईसाहेब, चौघांना ओवाळणार का?"

राणीने राजाकडे पाहिलं. राजा वेशीवरच्या सज्जात उभा होता. त्या राज्यात ओवाळून घेतलेल्याला कुणी बाहेर काढू शकत नसे, खुद्द राजासुद्धा नाही. म्हणून तर तो अडून बसला होता.

"माणसाला ओवाळतात," राजा वरून म्हणाला. "कुत्र्यांना नाही."

"मग मलाही नको," बकुळा म्हणाली, आणि त्या वाळक्या तुकड्यांच्या टेकडीवर जाऊन बसली. राजाची लेक, उकिरड्यावर. लोक हळहळले.

पहिला दिवस गेला. राजाने जिलब्या पाठवल्या. तिने त्या कुत्र्यांना वाटल्या. दुसरा दिवस गेला. राजाने मऊ बिछाना पाठवला. त्यावर लंगडोबा झोपला. राणी रोज ताजी भाकरी थापायची, थाळी घेऊन वेशीत यायची, आणि लेकीने मान हलवली की परत जायची. मग तिसऱ्या दिवशी राजाने काहीच पाठवलं नाही. म्हणाला, "भूक लागली की येईल."

भूक लागली, पण हळदीला. ती उठली, बकुळाच्या पायाखालचा एक वाळका तुकडा तिने हुंगला आणि कडाकडा चावून खाल्ला. मग दुसरा. लंगडोबा आला, त्याने तिसरा खाल्ला. आणि काय सांगू, गावात कुंभाराचा खांदा सुटला. तो हात वर करून बघतो, तर हात वर जातोय. दोघं खात गेली. पाणक्याची कंबर सरळ झाली. सासरहून आलेल्या पोरीचं वर्षाचं रडू थांबलं. माणसं घराघरांतून बाहेर आली आणि वेशीकडे बघू लागली. टेकडी उतरत उतरत जमिनीला लागली. तळाशी एकच तुकडा उरला, सात वर्षांचा, दगडासारखा. हळदीने तो फोडून खाल्ला.

सज्जात राजाने जांभई दिली. मोठी थोरली, सात वर्षांची. भर दुपारी तिथेच कठड्याला टेकून झोपला आणि असा घोरायला लागला, की पारवे उडाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जाग आली. डोळे ताजे, मन हलकं. लोकांनी त्याला सगळं सांगितलं. तो खाली आला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "ही दोन कुत्री कामाची आहेत. यांना ओवाळा. ते पिल्लू काही कामाचं नाही, त्याने एक तुकडा खाल्ला नाही. त्याला समुद्रावर धाडून द्या."

लोकांनी माना हलवल्या. तीनातली दोन मिळाली, अजून काय हवं? पण बकुळाने शिंपल्याला उचलून घेतलं.

"मी तरी काय काम करते, आबासाहेब? मलाही धाडून द्या."

"बकुळा, हट्ट पुरे."

"काम करतात म्हणून घेतलीत तर ती नोकर झाली. मी ही घरची म्हणून आणली आहेत. उद्या हळदीचे दात पडले, तर तिलाही काढाल. मला तसं नको. चौघं तरी आत, नाहीतर चौघं बाहेर."

"मी राजा आहे."

"आणि मी तुमचीच लेक आहे. हट्ट कुठून आला असेल?"

कुणीतरी मागे खोकलं. राणीने पुढे होऊन थाळी सरळ राजाच्या हातात दिली. "माझा हात उठला तर चौघांसाठी उठेल. नाहीतर तुम्हीच ओवाळा. भाकऱ्या थापून माझं मनगट दुखतंय."

राजाच्या हातात थाळी. आयुष्यात त्याने कुणाला ओवाळलं नव्हतं. त्याने लेकीचे फुटलेले पाय पाहिले. पिल्लाच्या गळ्यातला फाटका काठ पाहिला, तो त्याला इतका मोठा होता की जमिनीपर्यंत लोंबत होता. राजाने घसा साफ केला आणि तुकडा घेऊन हात फिरवला, तोही उलटा. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, "उजवीकडून, महाराज." मग त्याने उजवीकडून फिरवला. बकुळावरून, हळदीवरून, लंगडोबावरून. जरा थांबला. मग खाली वाकून शिंपल्यावरून. आणि तुकडा लांब टाकून दिला.

हळदी आणि लंगडोबा पोटं फुगून आडवी झाली होती. धावला तो शिंपल्या. लोकांना वाटलं, खाणार. खातोय कसला. त्याने तुकडा तोंडात धरला, वळला, धावत आला आणि धुळीचे चारी पाय घेऊन राजाच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर चढला. तुकडा राजाच्या हातात.

या खेपेला कुणी हसलं नाही.

राजाने तुकडा पुन्हा टाकला, अजून लांब. शिंपल्या पुन्हा घेऊन आला. पुन्हा टाकला, पुन्हा आणला. राजाच्या मिशा हलायला लागल्या.

"टाकलेलं परत आणतोय हा," तो म्हणाला.

बकुळा म्हणाली, "टाकलेलं परतच येतं, आबासाहेब. म्हणून टाकायचं नसतं."

राजाने अंगरख्यावरचे पंजांचे डाग पाहिले. मग त्याने शिंपल्याला काखेत मारलं आणि म्हणाला, "चला घरी. भाकऱ्या निवताहेत."

तेव्हापासून त्या राज्यात कुणी कुत्र्याला हाकललं नाही. हवापालटाला कुणी गेलं, की राजा आधीच बजावायचा, लाड केलेत तर घरी घेऊन या, नाहीतर नाव ठेवू नका. आणि तो अंगरखा अजून पांढराच घालायचा, पण धोब्याला सक्त ताकीद होती, पंजांचे डाग काढायचे नाहीत.

हट्ट वाईट म्हणतात. म्हणू देत. मी नाही म्हणत.

राजा झोपला, राणी झोपली, बकुळाच्या पायाशी तिघं गोल गोल होऊन झोपली. पाय आत घ्या, पांघरूण ओढा. राजाची झोपसुद्धा परत आली, तुमची कुठे अडलीय? मिटा बघू डोळे.