सायाळसाहेबांची पाहणी

जनावरांनाही अर्ज लिहावे लागत, त्या काळची ही गोष्ट. नदीला पूर आला आणि पांढरवाडीचा एकुलता एक रस्ता मधोमध खचला. मोडलेला पाय बसवणारी वानरी पलीकडच्या डोंगरावर राहायची. शेळीच्या करडाचा पाय मोडला होता, आणि त्याला पाठीवर घेऊन निघालेली गाढवीण भुरी दोनदा खड्ड्यापासून माघारी आली होती.

अर्जांवर अर्ज गेले. शेवटी दरबारातून सायाळसाहेब पाहणीला निघाले. त्यांनी नुकसान लिहून नेलं, तरच रस्त्याला निधी मिळणार होता.

"साहेब येतायत! गाव कसं चकचकीत दिसलं पाहिजे," सरपंच रेडा म्हणाला. सगळ्यांनी खड्ड्यात पालापाचोळा भरला, वर माती पसरली आणि झोकात रांगोळी काढली.

"अरे मेल्यांनो," भुरी म्हणाली, "साहेब खड्डा बघायला येतोय, तुमची रांगोळी नाही!"

"तू गप गं!" सरपंच खेकसला. "पाहुण्यासमोर गावाची अब्रू घालवू नकोस. साहेबांना पाठीवर घे आणि कडेकडेनं चाल."

साहेब भुरीच्या पाठीवर बसले. "रस्ता तर झकास आहे की!" म्हणत त्यांनी स्वतःच्या अंगावरचा काटा उपटला आणि तसं लिहायला घेतलं.

भुरी कडेनं गेलीच नाही. ती सरळ रांगोळीत शिरली आणि छातीपर्यंत रुतली. साहेब चिखलात नाकावर आपटले.

निधी लगेच मंजूर झाला. नव्या रस्त्यावरून पहिली भुरीच निघाली, पाठीवर करडू घेऊन.

"गावाची अब्रू चिखलात घातलीस!" सरपंच मागून ओरडला.

"मग धुऊन घ्या," भुरी म्हणाली. "नदी कुठं लांब आहे?"